आधी गुणांचा उपयोग ठरवा, मग मॉडेल: मानसिक आरोग्याची प्रश्नावली खान्देशात तपासून घेताना

जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये मानसशास्त्र, समाजकार्य किंवा नर्सिंगचा प्रबंध करणाऱ्यांची एक ठरलेली वाट असते. इंग्रजी प्रश्नावली मराठीत आणायची, शे-दोनशे जणांकडून भरून घ्यायची, आल्फा (प्रश्न एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा) काढायचा आणि तो ०.८ च्या पुढे गेला की ‘साधन विश्वसनीय व वैध आहे’ असं लिहून पुढच्या प्रकरणाकडे वळायचं. आता त्यात घटक विश्लेषणाची, म्हणजे प्रश्नांमागे किती न दिसणाऱ्या गोष्टी आहेत हे बघणाऱ्या गणिताची, भर पडली आहे. सॉफ्टवेअरने दिलेले आकडे चांगले असले की मॉडेल बरोबर, नसले तर एखादा प्रश्न काढून पुन्हा चालवायचं.

ही वाट मला धोक्याची वाटते. त्या गुणांवरून पुढे कोणीतरी ठरवणार असतं की अक्राणीतल्या एखाद्या बाईला जिल्हा रुग्णालयात पाठवायचं की ‘काही नाही, आराम करा’ म्हणून घरी. म्हणून मॉडेल डेटा आल्यावर निवडायचं नसतं. गुणांचं काय करणार आहात आणि प्रश्न ऐकणारा माणूस नेमकं काय समजतो, या दोन गोष्टींवरून ते आधीच ठरवायचं असतं. पुढच्या सगळ्या पायऱ्यांसाठी मी पीएचक्यू-९ या नैराश्याच्या प्रश्नावलीचं एकच उदाहरण घेतो: नऊ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण ० ते २७. ती वापरायला परवानगी किंवा पैसे लागत नाहीत, म्हणून आपल्याकडे तीच सर्वात जास्त फिरते.

पायरी १: उपयोग एका वाक्यात लिहा

‘खान्देशातील शेतकऱ्यांमधील नैराश्याचा अभ्यास’ हे शीर्षक झालं, त्यातून गुणांचा उपयोग कळत नाही. उपयोग असा लिहा: ‘आशाताई घरी जाऊन नऊ प्रश्न विचारतील, कागदावर बेरीज करतील आणि १० किंवा जास्त आल्यास पुढे पाठवतील.’ किंवा: ‘चोपडा तालुक्यातल्या केळी बागायतदारांची आणि कोरडवाहू कापूसवाल्यांची सरासरी ताडून बघायची आहे.’ किंवा: ‘समुपदेशनाच्या आधी आणि नंतर तीच माणसं मोजायची आहेत.’

तिन्ही वाक्यांतून वेगवेगळं काम निघतं. पहिल्यात साध्या बेरजेला अर्थ आहे का आणि १० च्या आसपास मापनी अचूक आहे का, हे बघावं लागतं. दुसऱ्यात दोन गटांना प्रश्न सारखेच लागू पडतात का, हा सगळ्यात मोठा प्रश्न. तिसऱ्यात मापनी काळानुसार स्थिर राहते का, हे तपासावं लागतं, नाहीतर समुपदेशनाने माणूस सुधारला की फक्त प्रश्नांना सरावला, हे कळत नाही. हे वाक्य गाईडसमोर ठेवा आणि त्यावर सही घ्या. पुढे दोन मॉडेलांमध्ये अडकलात की तेच वाक्य निकाल देईल.

पायरी २: प्रश्न लक्षणं विचारतात की कारणं?

घटक विश्लेषणाचं गृहीतक असं की आत एक न दिसणारी गोष्ट आहे आणि सगळे प्रश्न तिचे परिणाम आहेत. नैराश्य वाढलं की उदासी वाढते, थकवा वाढतो, स्वतःबद्दल वाईट वाटणं वाढतं. म्हणून ते प्रश्न एकमेकांशी जोडलेले दिसतात.

आता दुसरी यादी घ्या: बोंडअळीने पीक गेलं, सावकाराचं कर्ज आहे, मुलीचं लग्न ठरत नाही, विहीर आटली. या यादीची बेरीज म्हणजे ताणाचं ओझं, पण विहीर आटली म्हणून मुलीचं लग्न अडलंच पाहिजे असं काही नाही. ही कारणं आहेत आणि त्यांच्यात परस्परसंबंध असलाच पाहिजे अशी अट नाही. अशा यादीवर आल्फा काढणं किंवा तिला एका घटकावर बसवणं चूक आहे. कमी आल्फा आला म्हणून ‘विहीर’ हा प्रश्न काढून टाकला, तर ताणाचा एक खरा भाग तुम्ही फेकून दिला. अशी यादी मोजणीची यादी म्हणूनच ठेवा. तिची वैधता बघायची तर पूर्ण प्रश्नसंच तज्ज्ञांना आणि गावकऱ्यांना दाखवून, काही सुटलं का, हे विचारा.

तिसरीही एक शक्यता आहे. झोप गेली म्हणून थकवा, थकव्यामुळे लक्ष लागत नाही, असं लक्षणच लक्षणाला ओढतं, असं मानणारी नेटवर्क मॉडेलं गेल्या दशकात बरीच गाजली. लक्षणांचे आपसातले संबंध हाच तुमचा प्रश्न असेल तर ती वापरा. पण त्यातून माणसाचा एक गुण निघत नाही. आशाताईंच्या कागदावर बेरीज हवी असेल तर नेटवर्क तिथे उपयोगाचं नाही.

पायरी ३: मॉडेलाआधी प्रश्न ऐका

इथे घाई करणाऱ्याचं पुढे सगळं बिघडतं, म्हणून मी इथे जास्त वेळ घेतो.

अनुवाद दोघांनी स्वतंत्र करावा, तिसऱ्याने उलटा इंग्रजीत न्यावा, हे सर्वांना ठाऊक आहे. पण शिरपूर-साक्रीकडची अहिराणी, रावेर-यावलची लेवा बोली, सातपुड्यातली पावरी आणि भिली या एका मराठी छापील कागदात मावत नाहीत. प्रत्येक बोलीच्या किमान सात-आठ जणांना एकेक प्रश्न वाचून दाखवा आणि विचारा: ‘तुम्हाला यात काय विचारलंय असं वाटलं? उत्तर देताना काय आठवलं?’ उत्तर बोलीतच लिहून घ्या.

यात काय सापडू शकतं ते पाहा. तिसरा प्रश्न झोपेचा. शेतीपंपाला पाळीने वीज मिळते. रब्बीत ज्या फीडरला रात्रीची पाळी, तिथला माणूस गव्हाला, हरभऱ्याला किंवा केळीला पाणी द्यायला रात्री शेतात असतो. तो ‘जवळपास रोज झोप नीट नाही’ असं म्हणेल आणि ते खरंच असेल, पण त्याचं कारण मोटार आहे. मे महिन्यात भुसावळला पत्र्याच्या घरात झोपणाऱ्याचं तेच. श्रावणात उपास करणारीला भुकेचा प्रश्न, वेचणीच्या दिवसांत कापूसवालीला थकव्याचा प्रश्न. सातवा प्रश्न वर्तमानपत्र वाचताना किंवा टीव्ही बघताना लक्ष लागतं का, असा आहे. धडगावच्या पाड्यावर न वाचणाऱ्या आणि टीव्ही नसलेल्या बाईला तो विचारून उपयोग नाही. तिथे भाकरी करताना, धान्य निवडताना लक्ष लागतं का, असं विचारावं लागेल, आणि तो बदल प्रबंधात लिहावा लागेल.

प्रश्नांची बांधणीही पाहा. झोप कमी किंवा जास्त, भूक कमी किंवा जास्त, हालचाल मंद किंवा अस्वस्थ अशा उलटसुलट गोष्टी एकाच प्रश्नात कोंबल्या आहेत. हालचालीचा आठवा प्रश्न सगळ्यात अवघड जातो, आणि पुढे त्याचं लोडिंग (प्रश्नाचं घटकाशी असलेलं नातं किती घट्ट, हा आकडा) कमी आलं तर दोष नैराश्याचा नसून वाक्याचा असू शकतो.

‘दोन आठवडे’ हा काळ समजावताना आठवडी बाजाराचा आधार घ्या: मागच्या दोन बाजारांपासून. ‘निम्म्याहून अधिक दिवस’ आणि ‘जवळपास रोज’ यांत लोक फरक करतात का, तेही इथेच ऐका.

पायरी ४: नमुना आणि क्षेत्रकाम

एका घटकाच्या विश्लेषणासाठी प्रश्नांच्या सातपट आणि किमान १०० माणसं, असं कॉस्मिनची, म्हणजे आरोग्याच्या मापन्या तपासण्यासाठीची, मार्गदर्शक सूत्रं सांगतात. नऊ प्रश्नांना ६३ पुरतात, पण १०० ची अट आहेच. सर्व प्रश्नांची भेदक्षमता (जास्त आणि कमी त्रासाच्या माणसांत फरक करायची ताकद) सारखी मानणाऱ्या रॅश मॉडेलांसाठी २००, प्रत्येक प्रश्नाचा भेदक्षमतेचा आकडा वेगळा मोजणाऱ्या मॉडेलांसाठी १०००. गावात ‘३’ असं उत्तर देणारे फार थोडे निघतात, काही प्रश्नांना तर एकही नाही. म्हणून साध्या गावपाहणीत ३०० च्या खाली जाऊ नका, आणि गट ताडायचे असतील तर प्रत्येक गटात निदान २०० ठेवा.

ओपीडीतले रुग्ण आणि गावातले लोक एकाच नमुन्यात मिसळू नका. एकीकडे सगळे गुण वर, दुसरीकडे सगळे शून्याजवळ, मग सगळेच प्रश्न एकमेकांशी घट्ट जोडलेले दिसतात आणि मॉडेल उगाच सुंदर येतं. तसंच जळगावच्या कॉलेजात गुगल फॉर्म आणि पाड्यावर तोंडी मुलाखत, असं केलं तर पुढे फरक गटाचा की पद्धतीचा, हे कधीच सुटणार नाही. महिना, वीजपाळी, मुलाखत कोणी घेतली, कोणत्या बोलीत, हे चार रकाने पहिल्या दिवसापासून भरा.

आणि नववा प्रश्न. मरून जावं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार येतात का, हे तो विचारतो. ज्याने ० सोडून काहीही उत्तर दिलं, त्याच्याशी त्याच दिवशी, त्याच ठिकाणी बोलणारं प्रशिक्षित माणूस ठरलेलं असलं पाहिजे. पुढे कुठे पाठवायचं, कोणती गाडी, घरात कोणाला सांगायचं आणि कोणाला नाही, हे नैतिक समितीच्या अर्जातच लिहा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक सहभागीला द्या. ही सोय नसेल तर प्रश्नावली घेऊन गावात जाऊ नका. नववा प्रश्न गुपचूप वगळून आठांवर काम भागवणं हाही मार्ग नाही. आठ प्रश्नांची पीएचक्यू-८ वेगळी उपलब्ध आहे, तीच आधीपासून निवडा.

पायरी ५: मॉडेलं लावा, पण आधी लिहून ठेवलेली

आर हे मोफत सॉफ्टवेअर, त्यात लावान (lavaan) आणि मर्ट (mirt) ही पॅकेजेस पुरेशी आहेत. कोड लिहायची सवय नसेल तर जास्प किंवा जामोवी ही बटणांवर चालणारी सॉफ्टवेअरं.

उत्तरं ० ते ३ अशी पायऱ्यांची आहेत, सेंटिमीटरसारखी सलग नाहीत, आणि गावात ती शून्याकडे झुकलेली असतात. म्हणून सलग आकड्यांसाठीचा साधा पिअर्सन सहसंबंध आणि मॅक्सिमम लाइकलीहूड ही अंदाजपद्धत सोडा. लावानमध्ये प्रश्न क्रमवार असल्याचं सांगा आणि डब्ल्यूएलएसएमव्ही ही अंदाजपद्धत वापरा. ती पॉलिकोरिक, म्हणजे पायऱ्यांच्या उत्तरांसाठीच्या, सहसंबंधांवर चालते. एखाद्या गटात ‘३’ असं उत्तर कोणीच दिलं नसेल तर ‘२’ आणि ‘३’ एकत्र करा, पण सर्व गटांत सारखेच.

पीएचक्यू-९ ची रचना जगभर तपासली गेली आहे, म्हणून शोधक विश्लेषणाने (रचना आधी न ठरवता डेटातून शोधणाऱ्या) सुरुवात करायची गरज नाही. नव्याने बनवलेली प्रश्नावली असेल तरच ते करा. तेव्हाही घटक किती हे ठरवायचा ‘आयगेन व्हॅल्यू १ च्या वर’ हा नियम विसरा, तो जास्तीचे घटक दाखवतो. हॉर्नने १९६५ मध्ये दिलेलं, यादृच्छिक डेटाशी ताडून बघणारं पॅरलल ॲनालिसिस वापरा. आणि ज्या डेटातून रचना शोधली त्याच डेटावर ती ‘सिद्ध’ करू नका.

पहिलं मॉडेल: एकच घटक. नऊ प्रश्नांचे ३६ सहसंबंध, ९ लोडिंग, उरले २७ स्वातंत्र्यांश (मॉडेल तपासायला शिल्लक राहिलेली माहिती). तुमच्या निकालात २७ दिसत नसतील तर आज्ञावलीत चूक आहे, पुढे वाचू नका.

दुसरं मॉडेल: झोप, थकवा, भूक हे शारीरिक प्रश्न एका घटकात, बाकीचे भावनिक दुसऱ्यात. हे अनेक देशांत बसलेलं दिसतं. पण दोन घटकांमधला सहसंबंध बघा. तो ०.८५-०.९ असेल तर गणिताने दोन म्हटलं तरी व्यवहारात एकच गोष्ट मोजली जाते आहे, आणि दोन वेगळे उपगुण देणं म्हणजे वाचकाची दिशाभूल.

तिसरं, बायफॅक्टर: सर्व प्रश्नांवर एक सामान्य घटक आणि शारीरिक प्रश्नांवर त्याशिवाय एक खास घटक. हे मॉडेल जवळजवळ नेहमीच जास्त चांगलं बसतं, कारण ते लवचीक आहे. म्हणून ‘बायफॅक्टर सर्वोत्तम’ हा निष्कर्ष मला मान्य नाही. त्याचा खरा उपयोग वेगळा: बेरजेतला किती वाटा सामान्य घटकाचा, हे ओमेगा हायरार्किकलने मोजता येतं. तो मोठा असेल तर आशाताईंची बेरीज करायला तुमच्याकडे आधार आहे. नेमकं तेवढंच विचारा आणि बायफॅक्टर बाजूला ठेवा.

मॉडेल डेटावर किती नीट बसलं याचे आकडे वाचताना हू आणि बेंटलर यांचे १९९९ चे निकष सगळे देतात: सीएफआय ०.९५ च्या आसपास किंवा वर, आरएमएसईए ०.०६ च्या खाली, एसआरएमआर ०.०८ च्या खाली. पण ते सलग डेटासाठी काढलेले होते. क्रमवार डेटावर डब्ल्यूएलएसएमव्ही लावलं की हेच आकडे उगाच गोड येतात. उलट स्वातंत्र्यांश थोडे असले की आरएमएसईए उगाच कडू येतो. जीएडी-७ या चिंतेच्या सात प्रश्नांच्या प्रश्नावलीला एका घटकाचे फक्त १४ स्वातंत्र्यांश उरतात, तिथे तो विशेष सांभाळून वाचा. म्हणून सोबत उरलेल्या सहसंबंधांचा तक्ता छापा. कोणत्या दोन प्रश्नांमध्ये ०.१ पेक्षा जास्त काही शिल्लक राहिलं? झोप-थकवा अशी जोडी आली तर अर्थ लागतो आणि त्यांच्या त्रुटींमध्ये (घटकातून न समजलेल्या भागांत) सहसंबंध मोकळा सोडता येतो. अर्थ न लागणाऱ्या जोड्या फक्त आकडा सुधारावा म्हणून सोडू नका. जीएचक्यू-१२ ही मानसिक त्रासाची बारा वाक्यांची प्रश्नावली वापरणाऱ्यांनी हे खास लक्षात घ्यावं: तिथे सहा वाक्यं सकारात्मक, सहा नकारात्मक, आणि जे दोन घटक दिसतात त्यामागे बहुतेक वेळा वाक्यांची दिशा असते.

मग आयआरटी, म्हणजे प्रत्येक प्रश्न तीव्रतेच्या कोणत्या टप्प्यावर कसा वागतो हे मोजणारी मॉडेलं, कुठे? समेजिमाचं १९६९ चं ग्रेडेड रिस्पॉन्स मॉडेल आणि क्रमवार सीएफए (वर लावलेलं, रचना आधी ठरवून केलेलं घटक विश्लेषण) ही सख्खी भावंडं आहेत. एकाचं लोडिंग दुसऱ्याच्या भेदक्षमतेत बदलता येतं: ०.७ लोडिंग म्हणजे लॉजिस्टिक मापात सुमारे १.६७. दोन्हीत भांडण नाही. आयआरटी घ्यायचं ते माहितीच्या वक्रासाठी: तीव्रतेच्या कोणत्या टप्प्यावर ही प्रश्नावली अचूक आहे? नैराश्याच्या मापन्या सहसा मध्यम-तीव्र टप्प्यावर बऱ्या आणि सौम्य टप्प्यावर दुबळ्या असतात. उपयोग गावात सौम्य त्रास मोजण्याचा असेल तर हा वक्र बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

रॅश घराण्यातलं पार्शल क्रेडिट मॉडेल जास्त कडक आहे: सर्व प्रश्नांची भेदक्षमता सारखी मानतं. ते बसलं तर साध्या बेरजेतच माणसाबद्दलची सगळी माहिती आली, असं ठामपणे म्हणता येतं. कागदावर बेरीज हाच उपयोग असेल तर मी आधी हेच तपासेन. पायऱ्यांचे वक्र उलटेपालटे आले, म्हणजे ‘२’ हे उत्तर कुठल्याच टप्प्यावर सर्वात संभाव्य नसेल, तर वरच्या ‘पायरी ३’ मधल्या नोंदींकडे परत जा. लोकांनी तेव्हाच सांगितलेलं असतं.

पायरी ६: दोन गटांना काटा एकच आहे का

जिनिंगचा काटा आणि गावातल्या व्यापाऱ्याचा काटा एकच कापूस वेगळा दाखवत असतील, तर कोणाचा माल जास्त या वादाला अर्थ नाही. केळीवाले आणि कापूसवाले, स्त्रिया आणि पुरुष, अहिराणी आणि पावरी बोलणारे यांची सरासरी ताडण्याआधी हेच तपासायचं असतं. याला मापन-समानता म्हणतात.

क्रम असा. आधी दोन्ही गटांत रचना तीच आहे का. मग, क्रमवार प्रश्नांत, वू आणि एस्टाब्रुक यांच्या २०१६ च्या मांडणीप्रमाणे आधी उंबरठे (एका उत्तरावरून पुढच्या उत्तरावर जायच्या रेषा) सारखे धरा, नंतर लोडिंग, नंतर इंटरसेप्ट (प्रश्नाची मूळ पातळी). आरमधलं सेमटूल्स (semTools) पॅकेज हे लिहून देतं. प्रत्येक पायरीला सीएफआय ०.०१ पेक्षा जास्त पडला तर थांबा आणि कोणता प्रश्न बिघडवतोय ते शोधा. डब्ल्यूएलएसएमव्हीच्या काय-वर्गांची (मॉडेल आणि डेटा यांतली तफावत दाखवणाऱ्या आकड्यांची) थेट वजाबाकी चालत नाही, लावानमधली त्यासाठीची खास चाचणीच वापरा.

समजा, रात्रपाळीच्या फीडरवरच्या शेतकऱ्यांत झोपेचा प्रश्न बिघडला. नैराश्य तितकंच, पण झोपेला एक गुण जास्त. प्रश्न काढून टाकायची घाई नको. तो एक प्रश्न गटांमध्ये मोकळा सोडा, बाकीचे बांधून ठेवा आणि गटांच्या सरासरीतला फरक दोन्ही प्रकारे काढा. मग एकाच तीव्रतेच्या दोन माणसांच्या बेरजेत किती फरक पडतो ते मोजा. ०.२-०.३ गुण असेल तर नोंद करून पुढे जा. दीड-दोन गुण असेल तर १० च्या रेषेवर माणसं चुकीच्या बाजूला पडणार, आणि त्या गटाची थेट तुलना करू नये असंच लिहा. ‘समानता आढळली नाही’ हा निष्कर्ष अपयश मानू नका. मला तर तो खान्देशाबद्दल सर्वात जास्त सांगणारा वाटतो.

आधी-नंतर मोजणी असेल तर हेच दोन वेळांमध्ये करा. पहिली फेरी मेमध्ये आणि दुसरी डिसेंबरमध्ये घेतलीत तर झोपेचा सुधार थंडीचाही असू शकतो, म्हणून तुलनेला समुपदेशन न मिळालेला गट त्याच महिन्यांत मोजा.

पायरी ७: विश्वसनीयता, आता

आल्फा इथे, शेवटाकडे येतो. सर्व प्रश्नांची लोडिंग सारखी असतील आणि त्रुटी एकमेकांशी जोडलेल्या नसतील तरच तो योग्य. ०.९ आल्फा आला म्हणून प्रश्नावली एकाच गोष्टीची आहे, असं सिद्ध होत नाही. मॉडेलातल्या लोडिंगवरून काढलेला विश्वसनीयतेचा आकडा, म्हणजे क्रमवार ओमेगा, द्या. परीक्षक मागतात म्हणून आल्फा शेजारी ठेवा.

पायरी ८: १० हा आकडा मॉडेलातून येत नाही

हे सर्व नीट झालं तरी कट-ऑफ, म्हणजे पुढे पाठवायची रेषा, सिद्ध होत नाही. पीएचक्यू-९ चा १० हा आकडा २००१ च्या अमेरिकन प्राथमिक उपचार केंद्रांमधल्या अभ्यासातून आला. तिथे ५८० रुग्णांची स्वतंत्र मुलाखत घेऊन संवेदनशीलता (नैराश्य असलेल्यांपैकी किती सापडले) आणि विशिष्टता (नसलेल्यांपैकी किती बरोबर वगळले) दोन्ही ८८ टक्के निघाल्या. हेच आकडे आपल्या गावाला लावून बघा. १००० लोकांत ५० जणांना खरोखर निदान होण्याजोगं नैराश्य (मेजर डिप्रेशन) आहे असं धरा. ४४ सापडतील. उरलेल्या ९५० पैकी ११४ जणांना विनाकारण १० किंवा जास्त गुण येतील. म्हणजे पाठवलेल्या १५८ मधले ४४, शेकडा २८ च्या आसपास. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार ओपीडीवर तेवढा भार पडेल, आणि दिवसाची मजुरी सोडून धडगावहून नंदुरबारला आलेले अनेकजण ‘काही नाही’ ऐकून परत जातील.

म्हणून इथला कट-ऑफ इथेच काढावा लागतो. मनोविकारतज्ज्ञाने किंवा प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाने रचनाबद्ध निदान-मुलाखत घ्यायची. १० किंवा जास्त गुण आलेल्या सगळ्यांची, आणि खालच्यांमधून चिठ्ठ्या टाकून निवडलेल्यांचीही, कारण फक्त वरच्यांची घेतली तर सुटलेले कधी कळत नाहीत. किती टक्के निवडले ते लिहा आणि हिशेबात त्याप्रमाणे वजन द्या. मुलाखत घेणाऱ्याला गुण आधी कळता कामा नयेत. प्रश्नावली आणि मुलाखत यांत दोन-तीन दिवसांहून जास्त अंतर पडू देऊ नका, कारण प्रश्न मागच्या दोन आठवड्यांचे आहेत आणि तेवढ्यात माणसाची अवस्था बदललेली असू शकते.